मदत हवी आहे: खिडकीत कूलर, मग डावीकडचं आवाज शोषणारं पॅनल लावू कुठे?

नमस्कार मंडळी. जळगावला घरातली मागची खोली गाणं ऐकायला मोकळी केली आहे. १२ बाय १० फूट, वर स्लॅब, खाली फरशी. टाळी वाजवली की भिंतीभिंतींतून टर्रर्र असा आवाज परत येतो. डग्गाही फार घुमत होता. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट ९४ हे खालचे सूर जास्त घुमतात असा हिशेब निघतो. भिंतीला लागून ते सर्वांत जोरात ऐकू येतात, आणि माझी खुर्ची मागच्या भिंतीला चिकटलेली! ती अडीच फूट पुढे घेतली, तेवढ्यानेच बराच फरक पडला.

खरी अडचण बाजूच्या भिंतींची. मी खुर्चीत बसलो, मुलाने आरसा भिंतीवरून सरकवत नेला. आरशात स्पीकर दिसतो तिथेच आवाज भिंतीवर आपटून कानाकडे येतो, म्हणून पॅनल तिथे लावायचं. उजवीकडे स्पीकर दिसला तिथे कोरी भिंत आहे. डावीकडे नेमकी खिडकी, आणि मार्च ते जून तिथे कूलर. आपल्याकडच्या उन्हात तो काढणं शक्यच नाही. एकट्या उजवीकडे पॅनल लावलं तर आवाज एका बाजूला ओढला जाईल का? की खिडकीपुढे चाकांच्या चौकटीवर पॅनल करून फक्त ऐकताना सरकवू?

खर्जाची घुमघुम शोषायला कोपऱ्यांत रॉकवूलऐवजी (दगडापासून केलेल्या लोकरीऐवजी) पिंजलेला कापूस जाड चौकटीत भरला तर? कापूस इथे मुबलक, पण आगीची भीती वाटते, शिवाय तो खाली बसतो. कुणी केलं असेल तर अनुभव सांगा. अंड्यांचे ट्रे सुचवू नका, खर्जाला त्यांचा उपयोग नाही.

आजीच्या अहिराणी ओव्यांची जुनी कॅसेट आहे. जात्याच्या घरघरीमागचे तिचे शब्द स्पष्ट ऐकू यावेत, एवढ्यासाठी ही धडपड.