मदत हवी आहे: गाडीच्या सनव्हायझरला खाली सरकणारी जोडपट्टी कशी बसवावी?

कोवळे_ऊन

नमस्कार. मी रोज हडपसरहून कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत गाडीने जाते. सकाळी सूर्य समोर असतो, संध्याकाळी परततानाही समोरच असतो, आणि गाडीचा व्हायझर (चालकासमोर काचेच्या वरची ऊन अडवणारी झडप) पूर्ण खाली केला तरी त्याच्या खालून तिरीप थेट डोळ्यांवर येते. म्हणून व्हायझरमधून खाली सरकणारी पट्टी स्वतःच तयार करायचे ठरवले. थ्रीडी प्रिंट केलेल्या दोन रेल आणि त्यांत सरकणारा धुरकट रंगाचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, असा पहिला नमुना केला, पण तो आठवडाभरही टिकला नाही. रेल वाकल्या आणि पट्टी घसरू लागली. रेलची रचना कशी असावी, एवढेच कृपया सांगावे. बाजारात तयार मिळणाऱ्या वस्तूंचे दुवे नकोत, कारण त्यांतल्या दोन वापरून टाकून दिल्या आहेत. उत्तर लवकर हवे आहे, दिवाळीनंतर हा त्रास वाढतच जातो.

जुना_फिटर

ताई, गाडी कोणती, अ‍ॅक्रिलिक किती मिलिमीटरचे, रेल कोणत्या प्लॅस्टिकच्या, आणि घसरते म्हणजे नेमके काय होते, यांतले आपण काहीच लिहिलेले नाही. व्हायझर खाली असताना पट्टी रेलमधून सरकते, की व्हायझर छताला लावून ठेवला असताना खड्ड्यात तो सगळाच खाली येतो? हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

आडवाटेचा

इतका खटाटोप कशासाठी? पुढे छज्जा असलेली क्रिकेटची टोपी घालावी. ती डोक्याबरोबर वळते, तिला रेल लागत नाही आणि खड्ड्यात ती पडतही नाही. मी बारा वर्षे हाच उपाय करतो आहे.

कोवळे_ऊन

टोपी वापरून पाहिली आहे. मान खाली घालून गाडी चालवावी लागते आणि कारखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत मान आखडते. प्रश्न टोपीचा नाही.

@जुना_फिटर: साधी हॅचबॅक आहे. अ‍ॅक्रिलिक ५ मिमीचे आहे, रेल पीएलएच्या, म्हणजे थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या आहेत. आपण लिहिलेल्या दोन्ही गोष्टी होतात. व्हायझर वर लावलेला असताना उरुळी कांचनच्या अलीकडे एखादा खड्डा आला की तो दाणकन खाली येतो.

जुना_फिटर

मग निम्मे उत्तर आपल्याच मजकुरात आहे. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत काचेजवळचा भाग सहज तेवढा तापतो, त्यामुळे त्या रेल वाकणारच होत्या. एबीएस हे दुसरे प्लॅस्टिक सुमारे १०५ अंशांपर्यंत तग धरते. पॉलिकार्बोनेट हे न फुटणारे पारदर्शक प्लॅस्टिक १४० अंशांच्याही पुढे जाते.

आता वजन पाहू. २५ सेंमी रुंद आणि १६ सेंमी उंच असा ५ मिमी जाडीचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा सुमारे २४० ग्रॅम भरतो. तेवढाच तुकडा २ मिमीच्या पॉलिकार्बोनेटचा घेतला तर तो १०० ग्रॅमच्या आत राहतो. व्हायझरच्या दांडीला असलेली घट्टी कंपनीने केवळ व्हायझरच्या स्वतःच्या वजनापुरती ठेवलेली असते. तो छताला आडवा लावला की जोडलेल्या तुकड्याचे सगळे वजन दांडीपासून लांब लोंबते, म्हणून खड्ड्यात तो खाली येतो. यात रेलचा काही दोष नाही. शिवाय अ‍ॅक्रिलिक फुटले की त्याच्या धारदार कपच्या उडतात, त्यामुळे तोंडासमोर ते असूच नये.

चष्मिष

माझ्या मते मूळ प्रश्नच चुकीचा विचारला गेला आहे. डोळे दिपण्याचे निम्मे कारण काच असते. गाडीतले प्लॅस्टिक तापून त्याची वाफ पुढच्या काचेला आतून बसते आणि तिचा तेलकट थर तयार होतो. बाहेरून वायपरचे बारीक चरे पडलेले असतात. समोरून ऊन आले की ही सगळी काच पांढरी होऊन पेटते. ती आतून स्वच्छ पुसावी आणि पोलराइज्ड चष्मा घ्यावा, म्हणजे पट्टीची गरजच उरणार नाही.

मिशिगनकर

काच पुसण्याचा सल्ला योग्य आहे, परंतु पोलराइज्ड चष्म्याबद्दल नेहमी गैरसमज होतो. बॉनेट, ओला रस्ता, डॅशबोर्ड यांवरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेत ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः आडवी असतात, म्हणून तो चष्मा त्याला चांगला अडवतो. थेट सूर्यबिंबाकडून येणारा प्रकाश ध्रुवित नसतो, त्यामुळे तिथे पोलराइज्ड काच कोणत्याही साध्या गडद काचेइतकीच उपयोगी पडते. वर काही डिजिटल पडदे त्या चष्म्यातून काळे दिसतात, ते वेगळेच.

मी इथे डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या अंतर्भागाचे काम करतो, म्हणून सुरक्षेबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०१ या वाहन सुरक्षेच्या मानकानुसार व्हायझर धक्का शोषणाऱ्या पदार्थाचा किंवा अशा पदार्थाने मढवलेला असावा लागतो, आणि त्याच्या बैठकीच्या ज्या कडक कडेला १६५ मिमी व्यासाचे कृत्रिम डोके टेकू शकते, त्या कडेची गोलाई ३.२ मिमीपेक्षा कमी चालत नाही. भारतात नियम कोणता लागतो हा मुद्दा बाजूला ठेवू. अपघातात कपाळ तिथेच आपटते, हे दोन्हीकडे सारखेच आहे. २ मिमीच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याची उघडी कड म्हणजे सुरीच समजा. तिला जाड रबरी बीडिंग लावल्याशिवाय गाडीत नेऊ नये.

तिसरी_घंटा

कायद्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जावा लागतो, आणि काचांवर लावायच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली. धुरकट पट्टी पाहून हवालदाराने गाडी थांबवली तर काय सांगणार?

जुना_फिटर

तो नियम आणि तो निकाल काचेबद्दल आहेत. आपण काचेला काही चिकटवत नाही आहोत, व्हायझरला जोडतो आहोत. व्हायझर तर अपारदर्शकच असतो, मग त्यालाही पावती फाडणार काय?

तिसरी_घंटा

आपला युक्तिवाद रास्त आहे, परंतु तो हवालदाराला रस्त्याच्या कडेला उभे राहून पटवावा लागेल. मी फक्त सावध केले.

पाटसचा_प्रवासी

मी त्याच रस्त्याने जातो, म्हणून दिशांचा हिशेब करून पाहिला. हडपसर ते कुरकुंभ हा रस्ता सरासरीने पूर्वेच्या जेमतेम १० अंश दक्षिणेकडे जातो. ऑक्टोबरच्या अखेरीस आणि पुन्हा फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य जवळजवळ त्याच दिशेला उगवतो, म्हणजे अगदी नाकासमोर. डिसेंबरात तो सकाळी नाकाच्या उजवीकडे, दारालगतच्या खांबाकडे सरकतो. संध्याकाळी मात्र उलटे होते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरातला सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि परतताना आपले तोंड पश्चिमेच्या थोडे उत्तरेला असते, म्हणून तो डावीकडे सुमारे ३५ अंशांवर, म्हणजे आरशाच्या पलीकडे दिसतो. तिथे दोन व्हायझरांच्या मधली फट असते. केवळ खाली सरकणारी पट्टी संध्याकाळी काही कामाची नाही.

एक विचारतो. तिरीप व्हायझरच्या नेमकी किती खालून येते? मला त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, कंपनीचा व्हायझर जवळजवळ पुरतो.

कोवळे_ऊन

आपल्याला पुरत असेल. माझी उंची चार फूट अकरा इंच आहे.

जुना_फिटर

अहो ताई, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते!

कोवळे_ऊन

मला वाटले, रेलच्या रचनेशी उंचीचा काय संबंध? असो. काल रात्री नवऱ्याकडून मोजून घेतले. मी नेहमीसारखी बसले असता डोळ्यापासून व्हायझरपर्यंतचे आडवे अंतर ३५ सेंमी आहे आणि व्हायझरची खालची कड डोळ्याच्या पातळीच्या ११ सेंमी वर राहते. सीट वर-खाली होत नाही, माझ्या मॉडेलला ती सोय नाही. उशी ठेवा असे कृपया कोणी सांगू नये.

पाटसचा_प्रवासी

आता कोडे सुटले. ३५ आणि ११ या मापांवरून कड क्षितिजाच्या १७ अंश वर येते. म्हणजे सूर्य १७ अंशांच्या खाली असेतोवर आपल्याला व्हायझर नसल्यातच जमा आहे. आपल्याकडे सूर्य उगवल्यानंतर तासाला सुमारे १४ अंश वर चढतो. ऑक्टोबरअखेर तो साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणून पावणेआठला आपला त्रास आपोआप संपत असला पाहिजे.

कोवळे_ऊन

यवत मागे पडले की संपतो, आणि तेव्हा पावणेआठच झालेले असतात! मी आजवर समजत होते की तिथे रस्ता वळतो.

जुना_फिटर

उशी नको म्हणालात, तरी लिहितो. डोळे ५ सेंमी वर गेले तर ती कड १७ वरून १० अंशांवर येते. सीटच्या पायांखाली गॅरेजमधून लोखंडी चकत्या टाकून घ्याव्यात. समोरचा रस्ताही जास्त दिसेल, पट्टीही निम्म्याने लहान होईल.

मिशिगनकर

गॅरेजमधल्या चकत्यांना माझा ठाम विरोध आहे. सीटचे बोल्ट अपघातातला सगळा भार घेतात, तिथे लांब बोल्ट आणि चकत्या घालून प्रयोग करू नयेत. मऊ उशीही वाईटच, कारण धडकेच्या वेळी ती दबते आणि कमरेचा पट्टा पोटावर सरकतो. उंची कमी असलेल्या चालकांनी आणखी एक माप घ्यावे. छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंमी अंतर असावे, अशी अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाची शिफारस आहे, ती एअरबॅगसाठी.

जुना_फिटर

चाळीस वर्षे बोल्टच घट्ट केले आहेत, कोणता बोल्ट किती भार घेतो ते मला ठाऊक आहे. परंतु जमेल तसे कोणाकडूनही करून घेऊ नये, एवढे मान्य करतो.

पाटसचा_प्रवासी

आपला वाद चालू द्या, मी पट्टीकडे वळतो. कड ५ अंशांवर आणायची तर ती डोळ्याच्या पातळीच्या ३ सेंमी वर यायला हवी, म्हणजे पट्टी ८ सेंमी खाली सरकली की पुरे. पण सबंध ८ सेंमी अपारदर्शक केली तर रस्त्यावरच्या कमानीवरचे फलक आणि सिग्नल झाकले जातील. धुरकट केली तर सूर्यबिंब तिच्यातूनही टोचते. चांगला गॉगल दहा-पंधरा टक्के प्रकाश आत सोडतो, आणि सूर्याचा दहावा हिस्सासुद्धा डोळ्यांना सोसवत नाही. आधीच्या दोन पट्ट्या आपण टाकून दिल्या, त्या याच कारणाने ना?

कोवळे_ऊन

होय, अगदी याच कारणाने. धुरकट पट्टीतून रस्ता अंधारा दिसायचा आणि सूर्य मात्र जसाच्या तसा.

पाटसचा_प्रवासी

मग असा विचार करून पाहावा. सूर्याचे बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचे असते. डोळ्यापासून ३५ सेंमीवर ते झाकायला ३ मिमी उंचीची काळी रेघ लागते. बाहुलीचे माप मिळवले तर ६-७ मिमी, आणि गाडीच्या हेलकाव्यांसाठी सढळ हाताने २.५ सेंमी धरू. रुंदी तेवढी जास्त हवी, कारण दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंमी अंतर असते. म्हणजे मोठी झडप नकोच आहे. पूर्ण पारदर्शक पत्रा आणि त्यावर वर-खाली सरकणारी अडीच सेंमीची एक काळी पट्टी, एवढ्यात काम होते. पट्टीच्या वरून फलक दिसतील, खालून रस्ता दिसेल, आणि जसजसा सूर्य चढेल तसतशी पट्टी बोटाने वर ढकलायची. बॉशने २०२० च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात पारदर्शक पडद्याचा जो व्हायझर दाखवला, तो कॅमेऱ्याने चेहरा ओळखून डोळ्यांसमोरचाच भाग काळा करतो. कल्पना हीच आहे.

जुना_फिटर

हे मला पटले. मग रेल हवी ती त्या छोट्या पट्टीला. नायलॉनची करावी, दोन्ही टोकांना स्प्रिंगची गोळी...

टाका_दोरा

मी या धाग्यावर फक्त वाचत होते, पण आता राहवत नाही. रेल कशाला हवी? शिलाईच्या साहित्याच्या दुकानात एक इंच रुंदीचे काळे इलॅस्टिक मीटरवर मिळते. पत्र्याच्या रुंदीभोवती ते किंचित ताणून गोल शिवून टाकावे, म्हणजे पुढे आणि मागे मिळून दुहेरी होते व ऊन आत येत नाही. बोटाने ढकलले की सरकते, सोडले की जागेवर घट्ट राहते. खड्ड्यात पडले तरी कोणाला लागत नाही. पत्रा व्हायझरला बांधायलाही तेच इलॅस्टिक चालेल.

जुना_फिटर

वहिनी, आपल्यापुढे हात टेकले. स्प्रिंगची गोळी मागे घेतो.

कोवळे_ऊन

कळवण्यास दहा दिवस लागले, क्षमस्व. २ मिमीचे पॉलिकार्बोनेट कापून घेतले, चारी कडांना गाडीच्या दाराला लावतात ते रबरी बीडिंग बसवले, आणि निम्मा पत्रा व्हायझरवर व निम्मा खाली राहील असा तो दोन इलॅस्टिकांनी बांधला. तिसरे इलॅस्टिक सरकणारे. लोणी काळभोरला ते सगळ्यात खाली असते, उरुळीला मध्ये, आणि यवतच्या अलीकडे व्हायझरला टेकते. मग पत्रा काढून मागच्या सीटवर ठेवते. व्हायझर एकदाही खाली आलेला नाही. पहिल्या दिवशी इलॅस्टिक फार ताणून शिवले होते, त्यामुळे पत्र्याला बाक आला आणि समोरचा ट्रक लांबुळका दिसू लागला. उसवून अर्धा इंच सैल केले.

@मिशिगनकर: छातीचे अंतर २२ सेंमी भरले. सीट एक खाच मागे घेऊन पाठ थोडी कलती केल्यावर ते २५ झाले आणि क्लच अजून पुरा दाबता येतो. सीट मागे गेल्याने डोळ्याचे अंतर बदलले, म्हणून पट्टीची जागाही बदलली. आपण विचारले नसते तर मोजलेच नसते.

संध्याकाळचे मात्र पाटसच्या प्रवासींनी लिहिले तसेच झाले. साडेपाचला निघाले की पाटसचा टोलनाका येईपर्यंत ऊन आरशाच्या डाव्या बाजूने येते. शेजारचा व्हायझर तिथवर पोहोचत नाही आणि त्याच्या समोर एअरबॅग असल्याने त्यावर पत्रा बांधण्याची हिंमत होत नाही. त्यामुळे धागा इतक्यात बंद करू नये. आरशाजवळची ती सुमारे १२ सेंमीची फट कशी झाकावी, हे सांगावे. आरसा छताला नसून काचेला चिकटवलेला आहे, हे या वेळी आधीच लिहिते.