टर्बो सी गेलं म्हणून पाया कच्चा?

अर्धविराम:
काल 'जुने खोड' यांनी ठोकून दिलं, की टर्बो सीच्या (सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं डॉसच्या काळातलं सॉफ्टवेअर) निळ्या पडद्यावर न शिकलेल्या पोरांचा पाया कच्चाच राहतो. डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. मी 2012 ला डिप्लोमाला होतो. लॅबमध्ये 64 बिटचं विंडोज, म्हणून त्यात डॉसचे जुने प्रोग्रॅम चालवणारं डॉसबॉक्स, आणि त्याच्या पोटात टर्बो सी! प्रोग्रॅमच्या सुरुवातीचं 'व्हॉइड मेन' आणि स्क्रीन साफ करायची आज्ञा जिच्यातून मिळते ती 'कोनिओ डॉट एच' फाइल बोटांत बसलेली. पहिल्याच मुलाखतीत समोर जीसीसी हा दुसरा सी कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणारा) आला आणि स्क्रीन साफ करायच्या ओळीवरच गाडी अडली. 1989 च्या प्रमाण सीमध्ये कोनिओ नाहीच, हे मला तिथे घाम पुसताना कळलं.

जुने खोड:
दोष शिकवणाऱ्याचा, खापर टर्बोवर. कंट्रोल एफ-वन दाबा, शब्दाची माहिती हजर, नेटशिवाय. एफ-सेव्हनने एकेक ओळ चालवा, वॉचच्या खिडकीत व्हेरिएबलची किंमत बदलताना बघा. आता एडिटरला वीस एक्स्टेन्शनं लावूनही पोरं प्रिंटएफने किंमती पडद्यावर छापूनच बग शोधतात.

कंसातली:
टर्बो राहू दे, मला प्रॅक्टिकलच्या जर्नलबद्दल बोलायचंय. फॅक्टोरियलचा (1 पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) प्रोग्रॅम, 8 दिले, पडद्यावर आलं -25216. जे दिसलं तेच लिहिलं. मॅडमनी लाल पेनने काट मारली: "40320 लिही, एक्स्टर्नल एक्झामिनर विचारतील." का आलं ते काही सांगितलं नाही.

जुने खोड:
ताई, तिथला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, 16 बिटचा, 32767 च्या पुढे जातच नाही; गेला की ओव्हरफ्लो, आकडा उलटून ऋण बाजूला येतो. 40320 मधून 65536 वजा करा, तेच उत्तर येतं. कंपायलर बरोबरच होता.

कंसातली:
हो का? आठ वर्षं नोकरी करतेय, कळलंय मला ते. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, दादा.

बॅकलॉगवाला:
जर्नल म्हटलं की जखमा उघडतात. मी सीनियरचं उतरवलं ते त्याच्या रोल नंबरसकट. एक्स्टर्नलनी मोठ्याने वाचून दाखवला.

कंसातली:
आमच्याकडे तर आउटपुट पेन्सिलीने, फ्लोचार्टला पट्टी सक्तीची. हाताने काढलेला डायमंड वाकडा, म्हणून सही नाही!

अर्धविराम:
लोकहो, धागा जर्नलचा नाही. मी पायथनच शिकवा म्हणत नाहीये. सीच शिकवा, पण जीसीसी आणि जीडीबी या बग शोधायच्या डीबगरवर. दोन्ही फुकट आहेत.

जुने खोड:
जीडीबीत ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम मध्येच थांबवायची खूण) लावणारं सेकंड इयरचं एक पोरगं दाखवा, मिसळ माझ्याकडून. बरं, कोनिओचं मान्य, घ्या. पण आताच्या पोरांना ओव्हरफ्लो म्हणजे काय ते तरी विचारा.

बॅकलॉगवाला:
पायथनमध्ये इंट हवा तेवढा वाढतो काका, कळणार कसा?

जुने खोड:
मग मी कालपासून काय बोंबलतोय??

कंसातली:
ते लाल काट मारलेलं पान सापडलं हो. फोटो टाकू?