महागडे घड्याळ: क्वार्ट्झ की यांत्रिक?
“एवढे पैसे मोजायचे तर यांत्रिकच घ्यावे, क्वार्ट्झ म्हणजे स्वस्तातला माल” हे मत मला सरसकट पटत नाही. (यांत्रिक म्हणजे गुंडाळलेल्या स्प्रिंगवर चालणारे, क्वार्ट्झ म्हणजे बॅटरी आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे घड्याळ.) सेको या जपानी कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीस आणलेले ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ तेव्हाच्या छोट्या मोटारीच्या किमतीचे होते. आजही सेकोच्याच उंची ‘ग्रँड सेको’ घड्याळांतील ९एफ या क्वार्ट्झ यंत्रात वर्षाकाठी १० सेकंदांचाच फरक अपेक्षित असतो. स्विस क्रोनोमीटर (अचूकतेची अधिकृत चाचणी उत्तीर्ण झालेली यांत्रिक घड्याळे) चाचणीत मात्र दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात. पारदर्शक पाठीतून तोलचक्राची (यांत्रिक घड्याळाची गती राखणाऱ्या, मागेपुढे फिरणाऱ्या चाकाची) लगबग पाहण्यात रमणाऱ्याने (मीही त्यातलाच) अचूकतेचा हिशोब मांडूच नये, फक्त काही वर्षांनी करावयाच्या तेलपाण्याचा खर्च आधीच धरावा. घड्याळ केवळ सणासमारंभाला घालणार असाल, तर क्वार्ट्झच बरे, कारण यांत्रिक घड्याळ दोन-तीन दिवसांत थांबते आणि ऐन निघायच्या घाईत वेळ-तारीख लावत बसावे लागते.