शटर बदलली की अख्खं किचन काढलं? लिहा तुमचे अनुभव

खाडीकाठची (नेरुळ):
वरच्या मजल्यावर सकाळपासून ठोकाठोकी चाललीय, त्यावरून आमची वाटी आठवली. 2019 साली ट्रॉल्या काढल्या तेव्हा मागे भिंतीला टेकून सासूबाईंचं नाव घातलेली वाटी निघाली. तिच्यावरून कामाच्या मावशींवर किती वर्षं संशय! सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवाळीला मावशींना साडी मिळाली.
तर, आम्हाला फक्त शटर, म्हणजे ओट्याखालच्या कपाटांची दारं, बदलायची होती. सुताराने सिंकखालचा तळ बोटाने दाबला आणि बोट आतच गेलं. पार्टिकल बोर्ड, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. सगळंच काढावं लागलं. तुमच्याकडे?

घंटाळीकर:
आमचं उलट. कपाटांचे बॉक्स पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचे, ठणठणीत. शटर, बिजागऱ्या, चॅनेल एवढंच बदललं. चार दिवसांत काम, ओट्याला हात नाही, खर्च निम्म्याहून कमी. सुतार जुन्या सनमायक्यावरच नवीन चिकटवू म्हणत होता, ते मात्र ऐकलं नाही. ओळखीच्यांकडे वर्षात कडा सुटल्या.

हळदीचा_डाग:
मी पण लिहिणारे, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय. आलेच

चहाबाज:
साडीत भागलं होय?

खाडीकाठची:
छे हो. अजून काही सापडेनासं झालं की मावशी "ट्रॉलीमागे बघा" म्हणतात. ऐकून घेतो.

कोपरखैरणेवाला:
बाबांनी 1998ला ओट्याखाली कडाप्प्याचे खण केले. त्याला ना वाळवी ना पाणी. नुसती दारं आजवर तीनदा बदलली. बायकोला मॉड्युलर हवंय, म्हणून हा धागा तिला दाखवणार नाही 😀

घंटाळीकर:
नवीन करणाऱ्यांनी प्लायवरचा शिक्का बघा. 710 म्हणजे मरीन. 303 एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा, असेल तर सिंकखाली नकोच. दुकानदार दोन्हीला वॉटरप्रूफ म्हणतो. आणि आधी गळती शोधा. आमच्या शेजाऱ्यांकडे फिल्टरच्या नळीचा जॉइंट थेंब थेंब गळत होता, नवीन बॉक्स दुसऱ्या पावसाळ्यात फुगला.

ऐरोली_सेक्टर:
विषय सोडून विचारते, झुरळांचं काय करता? नवीन किचनमध्ये पण आली

चहाबाज:
बिजागऱ्यांपाशी जेलचे ठिपके. तिथे फवारा मारू नका, मग जेल खात नाहीत.

ऐरोली_सेक्टर:
अरे देवा, मी दोन्ही केलं

हळदीचा_डाग:
आले. आमच्याकडे बॉक्स चांगले असूनही सगळं काढलं, हौस माझी. काढताना ग्रॅनाइटला तडा गेला. कंत्राटदार म्हणाला आधीपासूनच होता. आता त्यावर पोळपाट ठेवते कायम. पाहुणे विचारतात, पोळ्या चालल्यात का.

खाडीकाठची:
😂 पोळपाट! वरची ठोकाठोकी थांबली एकदाची. आमच्याकडे 2 ते 4 आवाजाला बंदी. जरा आडवी होते.