प्रतिसाद : दिव्याला सेंडर चालत नाही, स्विचच लागतो

इंजिन जास्त तापलं की पेटणारा इशाऱ्याचा दिवा गाडीत कसा बसवायचा, असं तू विचारलंयस. त्यावर तापमानाच्या मीटरचा जो सेंडर (इंजिनावरचा सेन्सर) असतो, त्याच्या वायरीलाच बल्ब जोडा, असं वर एकानं सुचवलंय. भावा, तेवढं करू नकोस. सेंडर म्हणजे तापेल तसा रेझिस्टन्स उतरणारा थर्मिस्टर. बल्ब धड पेटणार नाही, वर काटा खोटं बोलायला लागेल. दिव्याला थर्मोस्विच लागतो. ठरल्या तापमानाला त्याचे पॉइंट मिटतात आणि वायर अर्थ होते, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडली जाते. रेडिएटरच्या फॅनचा स्विच मात्र आणू नकोस, तो बहुधा ९०-९५ अंशांनाच लागतो. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत अडकलास की दिवा पेटलाच. ११०-११५ वाला बघ.

वायरिंग सोपं आहे. इग्निशननंतरचा प्लस, फ्यूज, बल्ब, स्विच. एलईडी असेल तर एक किलोओहमचा रेझिस्टर.

खरी गंमत आट्यांत आहे, म्हणजे स्विच ज्यावर पिळून इंजिनात बसतो त्या थ्रेडमध्ये. एका वायरीच्या स्विचला अर्थ आट्यांतूनच मिळतो, त्यामुळं टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला तर अर्थच तुटायचा. आटे जुळत नसतील तर उद्यमनगरात लेथवर पितळी अ‍ॅडॉप्टर काढून मिळेल, फक्त तो लांब नको, स्विचचं टोक कूलंटात, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, बुडायला पाहिजे.

तपासायला स्विचवरची वायर काढून इंजिनाच्या ब्लॉकला टेकव. दिवा लागला की वायरिंग बरोबर. स्विच तपासायला उकळतं पाणी पुरत नाही, ते शंभरावरच थांबतं. त्याऐवजी तेल तापवून त्यात स्विच धर, आणि पॉइंट किती अंशांना मिटतात ते थर्मामीटर आणि मल्टिमीटरनं बघ.

आणि होज (रबरी पाइप) फुटून कूलंट गेलं तर कोरडा स्विच गप्पच बसू शकतो. म्हणून गगनबावड्याच्या घाटाला लागण्याआधी कूलंटच्या बाटलीतली लेव्हल बघच.