पेपर कुणाच्या मालकीचा असावा?

रंकाळाकाठ
फेब्रुवारी संपला की पेपरच्या कोपऱ्यात 'नमुना 4' नावाची बारीक चौकट यायची. मालक, मुद्रक, संपादक, शिवाय एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेले भागधारक. वृत्तपत्र नोंदणीच्या 1956 च्या नियमांची देणगी. पण भागधारक म्हणून तिथं दुसऱ्या कंपनीचंच नाव असलं, तर वाचणाऱ्याला काय कळणार? म्हणून म्हणतो, पेपर होल्डिंग कंपनीच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरून बसणाऱ्या कंपनीच्या, हाती नको.

अमेरिकेतली गॅनेट ही पेपर चालवणारी कंपनी घ्या. 1906 मध्ये फ्रँक गॅनेटनं एका पेपरातल्या भागीदारीपासून सुरू केलेला पसारा. 2019 मध्ये गेटहाउस ह्या दुसऱ्या पेपर-समूहाच्या मालक कंपनीनं तो विकत घेतला, त्यासाठी सुमारे 1.8 अब्ज डॉलर कर्ज काढलं, साडेअकरा टक्क्यांनी! अडीचशेहून जास्त दैनिकं एका छत्राखाली आली आणि घेणाऱ्यानं नावही गॅनेटच लावलं. शाहू महाराज मूळचे कागलचे घाटगे, 1884 मध्ये कोल्हापूरला दत्तक येऊन भोसले झाले, ते राज्य चालवायला. इथं दत्तक आलेल्यानं कर्ज आणलं आणि फेडायला घरालाच लावलं.

गंगावेस_१
महाराजांना ह्यात ओढू नकोस भावा. बाकी मुद्द्यावर बोलूया. कर्ज काय कंपन्याच काढतात? 1891 मध्ये टिळकांनी 'केसरी' आणि 'मराठा' घेतले ते कर्जासकटच की.

रंकाळाकाठ
ते पेपर जगवायला घेतलेलं ओझं होतं. पेपर विकत घ्यायला काढलेलं कर्ज त्याच पेपरच्या कमाईतून फेडायचं, हा वेगळा धंदा. व्याज भागवायचं म्हटलं की पहिली कात्री वार्ताहरांवर.

गंगावेस_१
आणि घराण्याच्या पेपरात कात्री नसते? मी कुणा एकाचं नाव घेत नाही. पण मालकाच्या सोयऱ्याच्या संस्थेची बातमी कुठल्या पानावर येते, ते बघ एकदा. कंपनीला निदान आपल्या तालुक्यात सोयरे नसतात.

जुना_वाचक
दोघंही मालकावरच अडलाय. 1882 मध्ये कोल्हापूरचे कारभारी बर्वे ह्यांच्यावर आरोप छापल्याप्रकरणी टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस बसले. त्यांनी छापलेली पत्रं बनावट निघाली, हेही विसरू नका. पण छापणारे स्वतः आत गेले. आज छापतो एक, कमावतो दुसरा. मला ट्रस्ट बरा वाटतो. ब्रिटनच्या 'गार्डियन' पेपरसाठी 1936 मध्ये स्कॉट ट्रस्ट झाला तसा.

रंकाळाकाठ
अण्णा, त्या ट्रस्टचीच 2008 मध्ये लिमिटेड कंपनी झाली!

जुना_वाचक
झाली. पण लाभांश वाटायचा नाही, ही अट कायम ठेवून. म्हणजे भांडण 'कंपनी' ह्या शब्दाशी नाही, नफा कुठं जातो त्याच्याशी आहे.

गंगावेस_१
हे पटलं. मग तुझ्या त्या चौकटीत अजून एक ओळ पाहिजे: कर्ज कुणाचं, किती टक्क्यांनी.

रंकाळाकाठ
ती ओळ छापायला आधी मालकाची परवानगी लागेल, भावा.