मदत हवी आहे: गोल्डबर्ग व्हेरिएशन ११, दोन्ही हात एकाच पट्टीवर

बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ (एकाच मूळ रचनेची अनेक रूपं) या संचातलं अकरावं व्हेरिएशन बसवतेय, एकाच कीबोर्डच्या साध्या अपराइट पियानोवर. ते दोन कीबोर्डांच्या हार्पसिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीच्या वाद्यासाठी) आहे, १७४१ च्या छापील प्रतीतच तशी सूचना आहे. तिथे हात एकमेकांवरून मोकळे फिरतात. माझे एकाच पट्टीवर (म्हणजे त्याच कीवर) आदळतात. उजवा वर, डावा आत, असं केलं, उलटंही केलं. संथ लयीत जमतं. वेग वाढला की पट्टी वर येण्याआधीच दुसरा हात पोचतो आणि सूर गळतो. काही स्वर दुसऱ्या हाताला दिले, तर दोन सुरावटींचं वेगळेपणच गेलं, आणि सगळं सौंदर्य त्यातच आहे. पेडल नको, सप्तक बदलणंही नको. पियानोवर हे वाजवलेल्यांनी सांगावं: सामाईक पट्टी कुठल्या हाताने आधी सोडायची, आणि तो स्वर किती तोकडा करायचा?